वाजत्या पुराणवस्तू

व्हायोलिनच्या वरच्या पाटीवर इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाच्या दोन खाचा असतात. जुने व्हायोलिन हाती आले की जाणकार माणूस आधी डाव्या खाचेतून आत उजेड पाडतो. तळाच्या पाटीवर तिथे एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांचे व्हायोलिन निघाले, तर या चिठ्ठीवर बहुतेकदा एकच नाव सापडते: अंतोनियस स्ट्रॅडिव्हेरियस, क्रेमोनाचा, आणि पुढे सतराशे अमुक साल. मग कुणीतरी मोबाइलवर किमती शोधतो आणि दुसऱ्या दिवसापासून कपाटाला कुलूप लागते.

कुलूप आणण्यापूर्वी थोडा हिशेब मांडावा. आंतोनिओ स्त्रादिवारीने (चिठ्ठीवरच्या लॅटिनमध्ये तो स्ट्रॅडिव्हेरियस होतो) आयुष्यभरात सुमारे 1,100 वाद्ये केली असावीत, असा अंदाज आहे. त्यांतली 650 च्या आसपास आज शिल्लक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची कुंडली जाणकारांपाशी मांडलेली आहे. उलट एकोणिसाव्या शतकापासून सॅक्सनीतले मार्कनॉयकिर्खेन, बव्हेरियातले मिटेनवाल्ड, फ्रान्समधले मिरकूर अशा गावांतून व्हायोलिन लाखांनी बाहेर पडली. एका घरात माना कोरायच्या, दुसऱ्या घरात पाट्या, तिसऱ्या घरात जुळणी, असे ते काम चाले. चिठ्ठीवर स्ट्रॅडिव्हेरियसचे नाव टाकायचे ते नमुना कोणाचा हे सांगण्यासाठी. त्यात दर वेळी फसवणुकीचा हेतू असे, असेही नाही. 1890 च्या अमेरिकी कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले, तेव्हा याच चिठ्ठ्यांच्या तळाशी ‘मेड इन जर्मनी’ही छापले जाऊ लागले. क्रेमोनाचे नाव वर आणि जर्मनीचे खाली, अशा चिठ्ठ्या आजही भेटतात.

या पुस्तकाचा विषय आहे त्या नावामागची खरी वाद्ये: त्यांचा इतिहास, त्यांचे मोल आणि तीन शतके न ओसरलेले त्यांचे वेड. या विषयावर युरोपीय भाषांत कपाटेच्या कपाटे भरली आहेत. पण त्यातल्या बऱ्याच लेखनाला एक ठरलेली गोष्ट सांगायची असते. एक अलौकिक कारागीर होता, त्याच्यापाशी एक गुपित होते, ते घेऊन तो गेला आणि आपण ते अजून शोधतो आहोत. मला ही गोष्ट अपुरी वाटते. वाद्यांची अंगे नीट न्याहाळली आणि त्यांचे कागदपत्र वाचले की दिसते ते असे, की ही वाद्ये कुणी हात न लावता जपून ठेवलेली नाहीत. ती अनेकदा उघडली गेली, कापली गेली, सांधली गेली, गहाण पडली, चोरीला गेली, आणि या सगळ्यात वाजत राहिली. संग्रहालयातले सातवाहनांचे नाणे घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. 1714 सालचे व्हायोलिन मात्र आज संध्याकाळीही कामावर हजर असते. त्याचे मोल समजून घ्यायचे तर करणाऱ्याच्या जोडीला दुरुस्त करणाऱ्याचे, विकणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचेही हात पाहावे लागतात. या पुस्तकाची सारी मांडणी त्या हातांच्या अनुरोधाने केली आहे.

गोष्ट सुरू होते उत्तर इटलीत, पो नदीकाठच्या क्रेमोना गावी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथे आंद्रेआ आमाती काम करत होता. व्हायोलिनसारखी वाद्ये त्याच्या आधीही होती, पण आज आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो त्याचे प्रमाण, खाचांची वळणे आणि मानेच्या टोकाची शंखासारखी वळी यांना ठाम रूप आले ते त्याच्या हातून. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबाराने त्याच्याकडून वाद्यांचा संचच करवून घेतला. नाचाच्या साथीचे, खालच्या पायरीचे मानले गेलेले हे वाद्य पाठीवर सोनेरी राजचिन्ह मिरवू लागले. त्या संचातले 1564 सालचे एक व्हायोलिन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

आमातींचे हे घराणे होते आणि घराण्यांत चालते तसे विद्या घरातच ठेवण्याकडे कल होता. 1630 च्या प्लेगने तो मोडला. त्या साथीत आंद्रेआचा मुलगा जिरोलामो गेला आणि क्रेमोनात या कामाचा जाणता उरला तो बहुधा एकटा नातू निकोलो. मागणी होती, हात नव्हते. निकोलोने मग बाहेरची मुले हाताखाली घेतली. त्यांच्यातल्या आंद्रेआ ग्वार्नेरीने पुढे स्वतःचे घराणे उभे केले. स्त्रादिवारीच्या 1666 सालच्या एका चिठ्ठीवर तो स्वतःला निकोलो आमातीचा शिष्य म्हणवतो. तो खरोखर किती काळ त्याच्यापाशी होता यावर अभ्यासकांत वाद आहेत. काही असो, सर्वांत प्रसिद्ध व्हायोलिने ज्या पिढ्यांनी केली, त्यांच्यासाठी दार उघडले ते एका महामारीने.

स्त्रादिवारी नव्वदी ओलांडून 18 डिसेंबर 1737 रोजी वारला आणि शेवटपर्यंत काम करत राहिला. तो एका साच्यावर थांबला नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. 1690 च्या दशकात त्याने लांबट अंगाचा नमुना चालवून पाहिला, मग तो सोडला. 1700 ते 1725 हा त्याचा ऐन बहराचा काळ मानतात. त्याच काळात, जवळच्याच गल्ल्यांत, ग्वार्नेरींचा नातू जुझेप्पे (1698 ते 1744) काम करत होता. चिठ्ठीवर क्रूस आणि येशूच्या नावाची अक्षरे घाली म्हणून त्याला ‘देल जेझू’ म्हणतात. स्त्रादिवारीची रेघ सुबक, तर याच्या अखेरच्या वर्षांतल्या वाद्यांच्या दोन खाचा एकमेकींशी जुळतीलच अशी खात्री नाही. पण त्यांच्या आवाजाला जे वजन आहे त्यासाठी वादक जीव टाकतात. प्रख्यात वादक पागानिनीचे 1743 सालचे व्हायोलिन याच हातचे. त्याच्या दणदणीत आवाजावरून त्याला ‘तोफ’ असे नाव पडले. पागानिनीने ते आपल्या जिनोवा गावाला देऊन टाकले. आजही ते तिथल्या नगरपालिकेच्या ताब्यात आहे आणि ठरावीक प्रसंगी बाहेर काढून वाजवले जाते.

हे दोघे सुरुवातीपासून सर्वश्रेष्ठ मानले जात होते, असे मात्र नाही. अठराव्या शतकात जर्मनीत आणि इंग्लंडात सर्वांत जास्त भाव होता तो टिरोल प्रांतातल्या अब्साम गावच्या याकोब श्टाइनरच्या व्हायोलिनांना. त्यांच्या पाट्या उंच फुगीर आणि आवाज गोड, बैठकीच्या दालनाला साजेसा. पुढे संगीत राजवाड्याच्या दालनातून तिकीट लावलेल्या मोठ्या सभागृहात गेले. 1782 मध्ये इटालियन वादक व्हिओत्ती पॅरिसला आला आणि त्याच्या हातच्या स्त्रादिवारीने शहर भारून गेले. लांबवर पोचणारा, ताकदीचा आवाज हवा झाला आणि चपट्या पाटीची क्रेमोनाची वाद्ये वर चढली. म्हणजे श्रेष्ठपणाचा निकाल लावण्यात लाकडाइतकाच सभागृहाचाही वाटा होता. क्रेमोना तोवर आपल्या माणसाला विसरूनही गेले होते. स्त्रादिवारीला जिथे पुरले ते सान दोमेनिको चर्च 1869 मध्ये पाडायला काढले आणि त्याच्या अस्थी कुठल्या हे सांगायला कुणी उरले नाही.

आता वाद्याच्या जवळ जाऊ. वरची पाटी स्प्रूसची. हे लाकूड आल्प्समधल्या फिएम्मे खोऱ्यासारख्या थंड उंचीवरच्या रानांतले. झाड सावकाश वाढते, त्यामुळे वलये दाट आणि सरळ येतात. खालची पाटी, बाजूच्या पट्ट्या आणि मान मेपलची. पाठीवर वाघाच्या पट्ट्यांसारखे हलते पट्टे दिसतात ते त्याचेच. पाटीचा फुगीरपणा लाकूड वाकवून आणत नाहीत. जाड ठोकळा पटाशीने आणि मग बोटाच्या पेराएवढ्या रंध्यांनी कोरत कोरत वरची पाटी अडीच-तीन मिलिमीटरवर आणतात. बाजूच्या पट्ट्या तेवढ्या उष्णतेने वाकवून लाकडी साच्याभोवती बसवतात. स्त्रादिवारीचे ते साचे आज क्रेमोनाच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. कडेने जी काळी-पांढरी-काळी रेघ फिरलेली दिसते ती रंगवलेली नसते, खाच पाडून आत बसवलेली पट्टी असते. ती शोभेची आहे आणि कामाचीही आहे, कारण कडेला पडलेला तडा ती आत सरकू देत नाही. वरच्या आणि खालच्या पाटीच्या मध्ये, घोडीच्या एका पायाजवळ, पेन्सिलीएवढा एक खांब नुसत्या दाबावर उभा असतो. तो मिलिमीटरभर सरकवला तरी वाद्याचा आवाज बदलतो. मैफलीच्या आधी नामवंत वादक कारागिराच्या दारात उभे असतात ते बहुधा या खांबासाठी.

हे सगळे ज्याने जोडलेले असते तो प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस. वरची पाटी चिकटवताना तो मुद्दाम पातळ, हलका लावतात. हवा बदलली, लाकूड फुगले किंवा आकसले, तर ताण सांध्यावर यावा आणि लाकूड फुटण्याऐवजी सांधा सुटावा, ही त्यामागची योजना. सुटलेला सांधा पुन्हा सरस लावून बसवता येतो. फुटलेली पाटी मात्र कायमची डागी होते. आपल्याकडे पावसाळ्यात व्हायोलिनची कड उकलते तेव्हा लोक ते बिघडले म्हणून हळहळतात आणि घरातला फेव्हिकॉल भरून मोकळे होतात. खरे तर कड उकलली म्हणजे वाद्याने स्वतःला वाचवले. पक्का गोंद भरला की पुढच्या वेळी ते लाकूड फुटूनच ताण सोडेल. दुरुस्ती होणार हे गृहीत धरूनच हे वाद्य घडवलेले आहे. पातळ सुरी कडेत सरकवून पाटी उचलायची, आतले काम करायचे, पुन्हा बसवायची: तीनशे वर्षांत हे एकाच वाद्यावर कितीतरी वेळा घडलेले असते.

आणि काम नुसते डागडुजीचे नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ प्रत्येक जुन्या इटालियन व्हायोलिनवर मोठी शस्त्रक्रिया झाली. मान बदलून अधिक लांब आणि मागे कललेली बसवली गेली, म्हणजे तारा अधिक ताणता येतात. आतली आधारपट्टी काढून लांब आणि जाड घातली गेली. वर आबनुसाची लांब पट्टी आली. वळी मूळ कारागिराच्या हातची म्हणून ती तेवढी कापून नव्या मानेवर कलम केली गेली. खुंट्यांच्या घराखाली बारकाईने पाहिले तर या कलमाचा सांधा केसाएवढ्या रेघेसारखा दिसतो. हनुवटी टेकवायचा आधार एकोणिसाव्या शतकातला, पोलादी तार विसाव्या शतकातली. फ्रान्स्वा तूर्तने (1747 ते 1835) ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाचा जो गज घडवला तोही स्त्रादिवारीच्या मृत्यूनंतरचा. आज मैफलीत आपण ‘स्ट्रॅड’चा म्हणून जो आवाज ऐकतो तो स्त्रादिवारीने स्वतः कधी ऐकलेला नाही. मूळ मान आणि मूळ अंतर्भाग राखलेले त्याचे वाद्य बघायचे तर फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयातला 1690 सालचा मेदिची टेनर व्हायोला बघावा. तो जसाच्या तसा राहिला, कारण तो फारसा कामाला लावला गेला नाही.

करणारे आणि सुधारणारे यांच्यानंतर या पुस्तकात येतात ते व्यापारी. या विषयातली सर्वांत रंगतदार माणसे तीच. पिएमाँतचा काउंट कोझिओ दि सालाबुए याने 1775 मध्ये स्त्रादिवारीचा मुलगा पाओलो याच्याकडून दुकानात उरलेली वाद्ये घेतली, पाठोपाठ साचे आणि हत्यारेही मिळवली. तो नुसता संग्राहक नव्हता. मापे घेणे, खुणा टिपणे, खऱ्याखोट्याची पारख लिहून ठेवणे, हा शिरस्ता त्याच्यापासून पडला. त्याच्यामागून आला लुईजी तारिझिओ. सुतारकाम येणारा आणि थोडे व्हायोलिन वाजवणारा हा माणूस खेडोपाडी, मठामठांत हिंडे, अडगळीतले मोडके वाद्य घेई आणि बदल्यात चालते नवे देई. 1827 पासून तो पॅरिसच्या व्यापाऱ्यांकडे फेऱ्या करू लागला. 1854 मध्ये मिलानच्या एका माळ्यावरच्या खोलीत तो मरून पडलेला आढळला, तेव्हा त्याच्यामागे दीडशेच्या आसपास वाद्ये निघाली. पॅरिसचा कारागीर-व्यापारी झाँ-बातिस्त व्हुइयोम याने धाव घेऊन वारसांकडून ती उचलली.

त्यांतच होते 1716 सालचे, जवळजवळ न वाजवलेले एक व्हायोलिन. तारिझिओ त्याचे गुणगान वर्षानुवर्षे करी, दाखवी कधीच नाही. हे व्हायोलिन म्हणजे सदा येणार म्हणून सांगितला जाणारा आणि कधीच न येणारा मसीहा आहे, असा टोमणा व्हुइयोमचा जावई, वादक दल्फँ आलार याने मारला आणि वाद्याला तेच नाव चिकटले. लंडनच्या हिल घराण्याने ते पुढे अ‍ॅशमोलियनला दिले. अंगावरचे रोगण इतके ताजे की ते खरे नसून व्हुइयोमचीच नक्कल असावी, अशी शंका विसाव्या शतकाच्या अखेरीस उघडपणे घेतली गेली. वरच्या पाटीची वलये आल्प्समधल्या झाडांच्या कालक्रमाशी ताडून पाहिली, तेव्हा शेवटचे वलय 1680 च्या दशकातले निघाले. म्हणजे लाकूड 1716 ला बरोबर जुळते. मात्र लाकडाचे वय करणाऱ्याचे नाव सांगत नाही. ते शेवटी पारख्याच्या नजरेवरच ठरते.

या धंद्याचा कणा हाच आहे. वाद्याची किंमत उभी असते ती पारख्याने दिलेल्या दाखल्यावर, आणि अनेकदा पारखी तोच विक्रेताही असतो. हिलसारख्या पेढीच्या दाखल्याला पिढ्यान्‌पिढ्या मान मिळाला, तर व्हिएन्नातल्या एका नावाजलेल्या व्यापाऱ्याला 2012 मध्ये फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे होतात, मोठमोठ्या गवयांच्या मांडीवर ते वाजले, पण कोणता तंबोरा कोणी केला आणि कोणाकडून कोणाकडे गेला याच्या वह्या कुणी ठेवल्या नाहीत. क्रेमोनाच्या वाद्यांना कोझिओपासून पुढे वह्या मिळाल्या. किंमत चढण्यामागे या वह्यांचा हात केवढा मोठा आहे, हे तिसऱ्या भागात सविस्तर आले आहे.

आता त्या बहुचर्चित गुपिताकडे. लाकूड खाऱ्या पाण्यात भिजवले होते, रोगणात ज्वालामुखीची राख होती, 1645 ते 1715 या काळात सूर्य मंदावल्यामुळे झाडे अधिक दाट वाढली, बुरशी-किडीपासून बचावासाठी लाकडाला टाकणखारासारखी रसायने लावली, अशा उपपत्तींना अंत नाही. त्यांतल्या शेवटच्या तर्काला अलीकडच्या रासायनिक तपासण्यांचा थोडाफार आधार आहे. रोगणाचे मात्र बरेच स्पष्ट झाले. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या स्त्रादिवारीच्या पाच वाद्यांची तपासणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. आत सापडले ते तेल, पाइनची राळ आणि काही रंगद्रव्ये, म्हणजे त्या काळी कोणत्याही चित्रकाराच्या फळीवर सापडले असते तेच सामान.

आवाजाची परीक्षाही झाली आहे. क्लोदिया फ्रिट्झ या फ्रेंच संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे 21 वादकांना सहा व्हायोलिन वाजवायला दिली: तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्त्रादिवारी आणि एक ग्वार्नेरी. हॉटेलची खोली अंधारलेली, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि जुन्या लाकडाचा वासही कळू नये म्हणून हनुवटीच्या आधाराला अत्तराचा थेंब. सर्वांत आवडलेले व्हायोलिन नवे निघाले आणि सर्वांत नावडते एक स्त्रादिवारी. हॉटेलच्या खोलीत काय कळणार, असा आक्षेप आला. म्हणून 2012 मध्ये पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांना बारा वाद्ये सभागृहात वाजवायला दिली. तिथेही दहांतल्या सहांनी नवे उचलले, आणि कोणते जुने कोणते नवे हे ओळखण्याचे प्रमाण अंदाजपंचे उत्तराहून सरस नव्हते.

या चाचण्यांचा निष्कर्ष कसा घ्यायचा? जुनी वाद्ये वाईट आहेत असा तर तो नक्कीच नाही. चांगली नवी वाद्ये त्यांच्या तोडीला पोचली आहेत इतकाच आहे. पण मग वेड ओसरायला हवे होते, ते ओसरले नाही. कारण वादक जे शोधतो ते एका तासाच्या परीक्षेत मावत नाही. आपल्या आधी कोणी कोणी हे वाजवले, त्यांनी याच्यातून काय काढले, याची जाणीव हातात आली की वादक वेगळ्या धीराने वाजवतो. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. गुरूंचा तंबोरा मागे जुळवला की शिष्याचा षड्ज अधिक खात्रीने लागतो, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

पैशाचे गणित मात्र भाबडे नाही. कवी बायरनची नात लेडी अ‍ॅन ब्लंट हिच्या नावाने ओळखले जाणारे 1721 सालचे स्त्रादिवारी 1971 मध्ये लंडनच्या लिलावात 84,500 पौंडांना गेले. 2011 मध्ये तेच 98 लाख पौंडांना विकले गेले; ते विकणाऱ्या निप्पॉन म्युझिक फाउंडेशनने ती रक्कम जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी दिली. टोशा झायडेल या वादकाने 1924 मध्ये 25,000 डॉलरना घेतलेले 1714 सालचे व्हायोलिन 2022 मध्ये 1 कोटी 53 लाख डॉलरवर गेले. अशा भावात वाद्य स्वतःच्या कमाईने घेणे वादकाच्या आवाक्यात राहिलेले नाही. मालकी न्यासांकडे, बँकांकडे, श्रीमंत हौशींकडे गेली आणि वादक त्यांच्याकडून वापरापुरते वाद्य आणतो. मालकाला हा व्यवहार सोयीचाच, कारण नामवंताच्या हाती राहिलेल्या वाद्याची कुंडली आणखी भरते.

कुंडलीत चोरीही भर घालते. ब्रोनिस्लाव हुबेरमान 28 फेब्रुवारी 1936 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आपल्या ग्वार्नेरीवर वाजवत असताना त्याचे 1713 सालचे स्त्रादिवारी कपडे बदलण्याच्या खोलीतून गेले. ज्याने नेले तो स्वतः वादक होता. बुटाचे पॉलिश फासून त्याने ते जवळजवळ पन्नास वर्षे हॉटेलांत आणि वाद्यवृंदांत वाजवले आणि 1985 मध्ये मरणाच्या दारी बायकोला खरे सांगितले. साफसफाई होऊन ते पुन्हा मैफलीत आले आणि 2001 पासून जोशुआ बेल ते वाजवतो. इतकी वर्षे ज्यांनी ते ऐकले त्यांतल्या कुणालाही आपण काय ऐकतो आहोत याची गंधवार्ता नव्हती. फ्रिट्झच्या चाचणीइतकाच हा प्रसंगही बोलका आहे.

हे सगळे मराठीत कशासाठी, असा प्रश्न येईलच. व्हायोलिन आपल्याला परके नाही. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणले. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुले सुरावटीच्या वाचनाबरोबर व्हायोलिन शिकत. त्याच परंपरेतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक-संयोजक झाले आणि प्यारेलालांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. हिंदुस्थानी संगीतात गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनी ते गळ्याच्या जवळ नेले. मांडी घालून बसायचे, वळी पायाच्या घोट्यावर टेकवायची, तारा षड्ज-पंचमात लावायच्या, आणि एका बोटाने मींड ओढत न्यायची: आमातीच्या स्वप्नातही नसलेला हा वापर त्याच्या वाद्याने मुकाट सोसला आणि शोभवला. पण वाद्याच्या शरीराविषयी, त्याच्या वयाविषयी आणि पारखेविषयी मराठीत लेखन तुरळक. त्यामुळे घरातल्या चिठ्ठीवर कुणी भलत्या आशा बांधतो, तर कुणी खरोखर चांगले जर्मन किंवा फ्रेंच व्हायोलिन ‘नकली’ म्हणून भंगारात काढतो. हे दोन्ही टळले तरी पुस्तकाचे निम्मे काम झाले.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिला क्रेमोनाच्या घराण्यांचा, दुसरा वाद्याच्या रचनेचा आणि दुरुस्तीचा, तिसरा व्यापाराचा आणि पारखेचा, चौथा वादकांचा. ज्यांच्या घरी जुने व्हायोलिन आहे त्यांनी दुसरा भाग आधी वाचावा आणि तो वाचून होईपर्यंत वाद्याला कोणताही गोंद लावू नये. मान, घोडी, गज, खुंटी, सरस असे चालते मराठी शब्द आहेत तिथे तेच वापरले आहेत. जिथे नाहीत तिथे कारागीर म्हणतात तो इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवला आहे. ज्या कारागिरांनी आपली पाटी उघडून आतले दाखवले आणि ज्या वादकांनी वाद्य हातात दिले, त्यांचा मी ऋणी आहे.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. जुन्याच्या प्रेमात नव्याची उपेक्षा होऊ नये. क्रेमोनात 1938 पासून व्हायोलिन घडवण्याची शाळा आहे, आज तिथे शंभराहून अधिक कार्यशाळा चालतात आणि त्या कारागिरीला 2012 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. 2019 च्या आरंभी तिथल्या संग्रहालयातल्या वाद्यांचा स्वरन्‌स्वर ध्वनिमुद्रित केला गेला, तेव्हा आजूबाजूचे रस्ते बंद ठेवून नागरिकांना पाच आठवडे आवाज टाळायला सांगितले होते. ही वाद्ये अमर नाहीत हे ओळखूनच तो खटाटोप केला गेला. लाकूड थकते, एखाद्या दुरुस्तीनंतर पुढची दुरुस्ती शक्य राहत नाही. त्यांची जागा घेतील ती वाद्ये आज कुणाच्या तरी कामाच्या मेजावर अर्धवट कोरून पडलेली आहेत. नवव्या चार्ल्सच्या दरबाराने आंद्रेआ आमातीकडे मागणी नोंदवली ती नव्या कोऱ्या वाद्यांसाठी, हयात कारागिराला रोख मोल देऊन. दुर्मिळ जुन्या व्हायोलिनांचा इतिहास वाचणाऱ्याने त्यातून एवढा व्यवहार उचलला, एखाद्या शिकत्या मुलीला जिवंत कारागिराच्या हातचे वाद्य घेऊन दिले, तर पुढच्या तीनशे वर्षांची तजवीज त्याच्याकडूनही झाली असे समजावे.